प्रवासाचं पॉकेट गाइड घेताय? छानच, फक्त त्यातल्या नकाशावर बोटं ठेवून प्लॅन करू नका

सीझन सुरू झाला की आमच्या पुस्तकांच्या दुकानात रोज दोन-तीन जण तरी तावातावाने येतात किंवा थेट ट्रिपवरूनच फोन करतात, की तुमच्या पुस्तकात दोन्ही गावं शेजारी-शेजारी दाखवलीयत, आणि आमचा अख्खा दिवस गाडीत गेला. दरवेळी तेच समजावून घसा बसतो म्हणून हे पान छापून प्रत्येक गाइडमध्ये घालून देतोय. पुस्तकाआधी हे वाचा.

होतं काय, तर पॉकेट गाइडच्या सुरुवातीला त्या सगळ्या प्रदेशाचा एक नकाशा असतो. लोक त्यावर बोट ठेवतात, "हे तर दोन पेरं पण नाही" म्हणतात, आणि एका दिवसात तीन गावं बसवून हॉटेलं बुक करून मोकळे. आता साधा हिशेब करा. पान जेमतेम 10 सेंटीमीटर रुंद आणि प्रदेश समजा 300 किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये 30 किलोमीटर कोंबलेत. त्यात घाटाची वळणं कुठे दिसणार, सगळी एका सरळ रेघेत जातात. पायी फिरायला जो 1:50,000 चा नकाशा लागतो त्यात 1 सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर, आणि तेवढ्या बारकाव्याने हाच प्रदेश छापायचा तर कागद 6 मीटर रुंद लागेल. तो कुठल्या खिशात मावणार?

डोंगर आणि पाणी मध्ये आलं की तर विचारूच नका. नॉर्वेचा सोग्नेफियोर्ड, म्हणजे डोंगरांत आत घुसलेली समुद्राची खाडी, 200 किलोमीटरपेक्षा लांब आहे, समोरासमोरच्या काठावरची दोन गावं नकाशात एकमेकांना चिकटलेली दिसतात, पण फेरीबोट कुठून सुटते आणि शेवटची किती वाजता हे माहीत नसेल तर समोरचं गाव नुसतं बघत बसायचं. हिमाचलात मनालीहून स्पितीतल्या काझाला जायची रेघ नकाशात बारा महिने असते, पण कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद, मग शिमला-किन्नौरकडून लांबचा फेरा. बरं, ही माहिती पुस्तकात नसते असं नाही, बहुतेक वेळा "कसे जाल" मध्ये बारीक अक्षरात असते, फक्त तिथपर्यंत कोणी पोचत नाही.

आम्ही सांगतो ते एवढंच, की नकाशातलं सरळ अंतर डोंगराळ भागात दीड-दोन पट धरा, आणि किलोमीटर विचारण्यापेक्षा तास किती लागतात ते विचारा. "अर्ध्या दिवसात होतं" असं जिथे लिहिलंय तिथे लेखक कुठल्या गावात मुक्कामाला आहे ते आधी बघा, तो अर्धा दिवस त्याच गावातून मोजलेला असतो, तुमच्या हॉटेलातून नाही.

मग हे पुस्तक घ्यायचंच कशाला, असंही विचारतात, मोबाइल आहे की. मोबाइल तुम्ही विचाराल तेच सांगतो. काय विचारायचं, कुठली दोन ठिकाणं एकाच फेरीत होतात, कुठलं देऊळ किंवा चर्च का बघायचं आणि कुठलं सोडलं तरी चालतं, मुक्काम कुठे टाकला तर धावपळ कमी होईल, हे एका माणसाने निवडून छोट्या पुस्तकात बसवलंय, त्याचे पैसे तुम्ही देता. शिवाय रेंज नसली तरी चालतं. इतिहास, वास्तू, जुन्या गल्ल्यांची रचना, नद्या-डोंगर हा भाग दहा वर्षांनीही फारसा शिळा होत नाही. शिळे होतात ते हॉटेलं, बसच्या वेळा, तिकिटाचे दर आणि फोन नंबर, ते निघण्याआधी त्या-त्या ठिकाणच्या साइटवर बघायचेच. साप्ताहिक सुट्टीसुद्धा, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद आणि पॅरिसचं लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

"पुस्तक यंदाचं आहे मग माहिती जुनी कशी" याचं उत्तर नावाच्या पानामागे असतं. तिथे आवृत्तीचं साल बघा, पुनर्मुद्रणाचं नाही. पुनर्मुद्रण म्हणजे सहसा तोच मजकूर परत छापलेला. नवी आवृत्ती असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकही नवा असतो. आमच्याकडे जुन्या आवृत्त्या वेगळ्या कप्प्यात आहेत आणि त्या आम्ही सांगूनच देतो, लपवाछपवी नाही.

ट्रिप करून आल्यावर पुस्तक परत घेत नाही, त्यावरून वाईटपणा येतो, पण पेनाने खुणा केलेलं, पानं दुमडलेलं पुस्तक पुढच्याला नवं म्हणून कसं देणार? त्यापेक्षा घेण्याआधी उभ्या-उभ्या निवांत चाळा, आम्ही त्यासाठीच प्लास्टिकचं वेष्टण काढून ठेवतो. त्याच भागाचा घडीचा मोठा नकाशाही शेजारच्याच रॅकमध्ये असतो, घ्याच असा आग्रह नाही, पण स्वतः गाडी चालवणार असाल तर एकदा उघडून तरी बघा.

आणि प्लॅन बुकिंगच्या आधी घेऊन या, नंतर नाही. टेबलावर मोठा नकाशा पसरून दहा मिनिटांत सांगतो कुठला दिवस फसतोय ते, त्याचे पैसे नाहीत. फक्त शनिवारी संध्याकाळी नको, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते.