रेंगाळलेला खोकला की टीबीचा?

सर्दी-ताप चार दिवसांत जातो, खोकला मात्र मुक्काम ठोकतो. विषाणूमुळे हुळहुळी झालेली श्वासनलिका सावरायला वेळ लागतो. तोवर फोडणीचा ठसका किंवा उदबत्तीचा धूरही ढास लागायला पुरतो. असा खोकला अडीच-तीन आठवडे सहज चालतो. त्यामुळे ‘हवा बदललीये’ म्हणून घरोघरी त्याकडे काणाडोळा होतो आणि त्यात टीबीचं फावतं.

कारण टीबीचा खोकलाही सुरुवातीला साधाच असतो. रक्त पडलं तरच टीबी, ही सिनेमातली समजूत. कित्येक रुग्णांना रक्त कधीच पडत नाही, काहींचा खोकला तर कोरडाच असतो. नुसत्या आवाजावरून निदान करणाऱ्यांचं ऐकू नका. सर्दीनंतरचा खोकला चिवट असला तरी हळूहळू उतरतो, भूक परत येते. टीबीत माणूसच उतरत जातो. संध्याकाळी अंगात कसर, रात्री दरदरून घाम, जेवणावरची वासना उडालेली, कपडे ढगळ होऊ लागलेले. लहान मुलांत वजन न वाढणं हीच मोठी खूण.

अर्थात एवढं सगळं दिसेपर्यंत थांबायचं नसतं. खोकला २ आठवडे टिकला की टीबीची तपासणी, असा राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाचा नियम आहे. त्यात साधा खोकला असलेलेही बरेच जण येतात. येऊ देत, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. एचआयव्ही असेल किंवा घरात टीबीचा रुग्ण असेल, तर २ आठवड्यांचीही वाट पाहू नये. नमुना म्हणून लाळ देऊन उपयोग नाही. सकाळी उठल्यावर खोलवरून खोकून काढलेला बेडका लागतो. सीबीनॅट यंत्र त्यात टीबीचे जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतील का, हे साधारण २ तासांत सांगतं.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणं दोन्हीकडून वाईट. विषाणूवर ते चालत नाही, आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध टीबीला तात्पुरतं दाबतं. आठवडाभर बरं वाटतं, निदान मात्र लांबतं.

खोकल्यातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बसल्या जागी धाप लागत असेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थेट १०८ ला फोन करा.