किती खुणा जुळल्या म्हणजे ओळख पटली?

बोटाचा ठसा असो, वाळवलेले रोप असो, जंतूंची वसाहत असो की दुधात उतरलेला औषधाचा अंश, ओळख पटवणाऱ्याला शेवटी एकच निर्णय घ्यावा लागतो: जुळलेल्या खुणा पुरेशा झाल्या का? हा निर्णय एखाद्या आकड्यात बांधावा की तज्ज्ञावर सोडावा, यावरचा सर्वांत लांबलेला वाद ठशांच्या क्षेत्रात झाला. इतर क्षेत्रांपुढे आज असलेले बरेच प्रश्न तिथे आधीच येऊन गेले आहेत.

ठशांचा सुरुवातीचा इतिहास परिचित आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला गेला. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये शरीराची अकरा मापे घेण्याची पद्धत रुजली. १८९२ मध्ये अर्जेंटिनात ठशावरून खुनाचा उलगडा झाला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे-विभाग सुरू झाला. कलकत्त्याच्या पद्धतीत दहा बोटांच्या पाच जोड्या करून त्यांना १६, ८, ४, २, १ अशी किंमत दिली जाई. ज्या बोटावर चक्र (भोवऱ्यासारख्या गोल रेषा) असेल त्याचीच किंमत धरायची, जोडीतल्या एका बोटाची बेरीज वर, दुसऱ्याची खाली, आणि दोन्हींत एक मिळवायचा. यातून १,०२४ कप्पे तयार होत. मात्र ही सोय दप्तरातले कार्ड शोधण्यासाठी होती आणि तिला दहाही बोटे लागत. गुन्ह्याच्या जागी मिळतो तो एखाद्या बोटाचा पुसट तुकडा. तिथे वर्गीकरण निरुपयोगी ठरते आणि उरते ते रेषान् रेषा ताडून पाहणे. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणा मोजण्याचा प्रश्न इथे उभा राहिला.

१९१० च्या दशकात फ्रान्समध्ये मांडलेला नियम तीन भागांचा होता. बारापेक्षा जास्त खुणा जुळल्या आणि ठसा स्पष्ट असला, तर शंका नको. आठ ते बारा खुणा असतील तर ठशाची स्पष्टता, नमुन्याचे दुर्मीळपण, केंद्रभागाची उपस्थिती आणि घामाची छिद्रे पाहून ठरवावे. त्याहून कमी असतील तर खात्रीने काही म्हणू नये. अनेक देशांनी यातला फक्त आकडा उचलला आणि मधल्या भागातली सगळी काळजी सोडून दिली. माझ्या मते पुढच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

ब्रिटनमध्ये आकडा सोळावर गेला. लंडनमध्ये तो १९२४ पासून होता, देशभर १९५३ पासून. त्यामागे १९१२ चा एक फ्रेंच लेख होता. वेगवेगळ्या व्यक्तींच्या ठशांतही बऱ्याच खुणा जुळू शकतात, असे दाखवणारी छायाचित्रे त्यात होती. ती छायाचित्रे फेरफार केलेली होती, हे कित्येक दशकांनी उघड झाले.

आकडा कोणताही घेतला तरी अडचण राहतेच, कारण सगळ्या खुणा सारख्या वजनाच्या नसतात. रेषा संपणे ही सर्रास आढळणारी खूण आहे, तर दोन रेषांमधला छोटा बेटासारखा तुकडा तुलनेने विरळ. शिवाय बोट जोरात दाबले गेले किंवा ठसा उठवण्याची पावडर जास्त बसली, की संपलेली रेषा शेजारच्या रेषेला चिकटते आणि फाटा फुटल्यासारखी दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तज्ज्ञांना ठशांच्या त्याच त्या जोड्या दिल्या, तेव्हा प्रत्येकाच्या मोजणीत मोठी तफावत आली. एकदा मनाशी खात्री झाली की सोळाचा आकडा गाठेपर्यंत खुणा ओढून काढल्या जात, हेही पुढे आले.

अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेने १९७३ मध्येच किमान आकड्याला आधार नसल्याचा ठराव केला होता. इंग्लंड आणि वेल्सने सोळाचा नियम २००१ मध्ये सोडला. त्याच्या जागी चार पायऱ्या आल्या: विश्लेषण, तुलना, मूल्यमापन आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडून पडताळणी. आकडा गेला हे योग्यच झाले, पण त्या जागी मोजता येईल असे काहीच आणले नाही, ही मोठी चूक होती. सोळाचा नियम शास्त्रीय नसला तरी घाईत दिलेल्या निष्कर्षाला तो आडवा येत असे.

त्याची किंमत २००४ मध्ये दिसली. माद्रिदच्या रेल्वे-स्फोटांनंतर स्फोटकांचे डिटोनेटर असलेल्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेत संगणकाला दिला गेला. त्याने साठवलेल्या ठशांच्या संग्रहातून वीस उमेदवार, म्हणजे संभाव्य माणसे, सुचवले. त्यांतल्या चौथ्याशी ठसा जुळल्याचे तीन तज्ज्ञांनी आणि न्यायालयात आणखी एका तज्ज्ञानेही सांगितले. स्पेनच्या पोलिसांना ते पटले नव्हते, आणि मे महिन्यात त्यांनी ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले. चौकशीत दोन कारणे ठळक झाली. संग्रह जितका मोठा, तितकी चुकीच्या माणसाशी विलक्षण साम्य सापडण्याची शक्यता जास्त. दुसरे कारण उलट वाचनाचे. उमेदवाराच्या स्वच्छ ठशात जे दिसले, तेच मग पुसट ठशात 'दिसू' लागले, आणि जिथे फरक होता तिथे बोट दोनदा टेकले असावे, अशी स्पष्टीकरणे शोधली गेली. बाराचा नियम असता तर ही चूक टळली असती, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या वाचनाने दहा खुणा गोळा केल्या, त्याच वाचनाला आणखी दोन मिळायला वेळ लागला नसता.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: पुसट ठशातल्या खुणा उमेदवार पाहण्याआधी नोंदवून गोठवायच्या, नंतर वाढवलेल्या खुणा वेगळ्या रंगात दाखवायच्या आणि पडताळणाऱ्याला पहिला निष्कर्ष सांगायचा नाही. २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांवर झालेल्या चाचणीत चुकीची जुळणी ०.१ टक्के, तर खरी जुळणी नाकारण्याचे प्रमाण ७.५ टक्के निघाले. कोर्टात शंभर टक्क्यांची भाषा बोलली जात असताना हे आकडे यायला शतक लागले.

अन्नातल्या औषधांच्या अंशांसाठी युरोपने २००२ मध्ये 'ओळख-गुण' ठरवले. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर) मूळ आयनाला, म्हणजे न फुटलेल्या भारित रेणूला, एक गुण, त्याच्या प्रत्येक तुकड्याला दीड. बंदी असलेल्या पदार्थाला चार गुण हवेत, म्हणजे एक मूळ आयन आणि दोन तुकडे. २०२१ च्या नियमांत ही अट पाचवर गेली, कारण यंत्रात जाण्याआधी नळीसारख्या स्तंभातून पदार्थ वेगळे करण्यालाही एक गुण मिळू लागला. इथला आकडा ठशांच्या आकड्यापेक्षा चांगला टिकतो. गुणांबरोबर आयनांचे परस्पर प्रमाण आणि स्तंभातून बाहेर पडण्याची वेळही प्रमाण नमुन्याशी ताडावी लागते.

जंतूंच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या वर्णपटाला (यंत्राने काढलेल्या त्यांच्या वजनांच्या आलेखाला) २.० किंवा अधिक गुण आले की प्रजातीचे नाव देण्याची पद्धत आहे. पण हे गुण यंत्राच्या संग्रहाशी तुलना करून मिळतात. संग्रहात नसलेला जंतू ओळखला जात नाही, आणि शिगेला व ई. कोलाय हे आतड्यांतले जंतू इतके जवळचे आहेत की चांगले गुण येऊनही त्यांच्यातला फरक खात्रीने करता येत नाही. तिथे जुन्या जैवरासायनिक चाचण्या आणि प्रतिद्रव्यांकडेच वळावे लागते. त्याआधीच्या ग्रॅम रंजनातही, म्हणजे जंतू रंगवून त्यांचे दोन गट पाडण्याच्या पद्धतीतही, असेच होते. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले किंवा वसाहत जुनी असली की जांभळे दिसायला हवेत ते जंतू गुलाबी दिसतात.

वनस्पतींच्या ओळख-कुंजीत दोन-दोन पर्यायांमधून पुढे जायचे असते. पहिल्या जोडीत चुकले की पुढची प्रत्येक निवड बरोबर असूनही नाव चुकते. कुंजी ज्या प्रदेशासाठी बनली आहे त्याबाहेरचे रोप आणले तरीही ती कुठले ना कुठले नाव देतेच. २००३ नंतर आलेल्या डीएनए-बारकोडने (डीएनएच्या छोट्या ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याच्या पद्धतीने) फूल नसलेला किंवा अळीच्या अवस्थेतला नमुनाही ओळखता येऊ लागला. मात्र संग्रहातल्या मूळ नमुन्यावर चुकीची चिठ्ठी असेल, तर तीच चूक प्रत्येक शोधात परत येते.

रुग्णालयात खुणा दोनच लागतात, नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. खाटेचा क्रमांक चालत नाही, कारण रुग्ण हलवले जातात. 'तुम्ही अमुक ना?' असे विचारले तर गुंगीतला माणूस होकार देतो, म्हणून नाव त्यालाच सांगायला लावायचे आणि रक्ताच्या नळीवरची चिठ्ठी खाटेपाशीच लावायची.

ठशांचे प्रकरण पुन्हा आकड्याकडे वळले आहे. खुणा मोजण्याऐवजी, हा ठसा त्याच बोटाचा असता तर इतके साम्य दिसण्याची शक्यता किती आणि दुसऱ्याच बोटाचा असता तर किती, यांचे गुणोत्तर देण्याकडे काही प्रयोगशाळा गेल्या आहेत. डीएनएच्या अहवालात हे आधीपासून आहे. ठशांमध्ये मात्र दाब, पृष्ठभाग आणि ताण यांमुळे एकाच बोटाचे दोन ठसेही सारखे उमटत नाहीत. त्यासाठी लागणारे वास्तव नमुन्यांचे मोठे संग्रह अजून जमवले जात आहेत, आणि बहुतेक न्यायालयांत तोवर 'जुळला' किंवा 'नाही जुळला' एवढेच सांगितले जाते.