गप्प बसला की गेला?

डिचोलीतल्या एका कार्यालयाचे सर्व्हर काही वर्षं माझ्याकडे होते. जुलैतली रात्र, बाहेर पाऊस कोसळत होता आणि लायट गेली. यात नवल काहीच नाही. दोन्ही सर्व्हर मोठ्या यूपीएसवर असल्यामुळे चालू राहिले. पण त्या दोघांना जोडणारा नेटवर्क स्विच कुणीतरी भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये खोचून ठेवला होता. तो विझला. सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. पाहिलं तर डेटाबेसचा पार चिवडा झालेला.

सर्व्हर बंद पडून हे झालं नव्हतं. दोन्ही चालू राहिले म्हणून झालं होतं.

आज एका दणकट यंत्रावर, म्हणजे होस्टवर, दहा-वीस आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स, सुखाने नांदतात. प्रोसेसर आणि मेमरी त्यांच्यात वाटून देणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना जुनीच, आयबीएमने व्हीएम/370 जाहीर केलं ते 1972 मध्ये. गोची एकच: होस्ट गेला की त्यावरचं सगळं बिऱ्हाड गेलं. म्हणून दोन-चार होस्ट एकत्र बांधून क्लस्टर करतात. त्यातला एक पडला की त्याची व्हर्च्युअल मशीन्स उरलेल्यांनी आपल्याकडे सुरू करायची, यालाच हाय अव्हेलेबिलिटी, थोडक्यात एचए, म्हणतात.

हे जमतं, कारण व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी काही फाइली. त्या सगळ्या होस्टना दिसेल अशा सामायिक स्टोरेजवर ठेवल्या की कोणताही होस्ट त्या उघडू शकतो. मेमरीत जे होतं ते मात्र मेलेल्या होस्टबरोबर गेलं. त्यामुळे मशीन दुसरीकडे उठतं ते लायट जाऊन आल्यावर घरचा संगणक उठतो तसंच, पहिल्यापासून. ‘एचए घेतलं म्हणजे आता काही बंदच पडणार नाही’ असं समजणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. चालू मशीन न थांबवता हलवण्याची युक्ती आहे, तिला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. पण त्यात मेमरीची पानं एका होस्टवरून दुसऱ्यावर उतरवून घ्यावी लागतात, म्हणजे पहिला होस्ट जिवंत हवा. मेलेल्याकडून काय उतरवून घेणार?

मशीन पुन्हा सुरू करणं हे सोपं काम. अवघड काम त्याच्या आधीचं, समोरचा खरंच गेलाय हे ठरवण्याचं. क्लस्टरमधले होस्ट एकमेकांना सतत छोटे निरोप धाडत असतात, ‘मी आहे, मी आहे’. या ठोक्यांना हार्टबीट म्हणतात. ठोके थांबले तर दोन शक्यता उरतात. एक तर तो गेला, नाहीतर मधली वायर गेली आणि तो पलीकडे धडधाकट आहे. या दोन्हींत ऐकू येणारी शांतता अगदी सारखीच असते.

आमच्याकडे त्या रात्री दोघांनाही तीच शांतता ऐकू आली. स्टोरेज दोघांनाही थेट केबलने जोडलेलं होतं, ते स्विचवर अवलंबून नव्हतं. पहिल्यावर हिशेबाचं मशीन चालू होतंच. दुसऱ्याने ‘पहिला गेला’ म्हणत तेच मशीन आपल्याकडेही उठवलं. डिस्क एक, लिहिणारे दोन. एकाच वहीत दोन कारकून लिहीत आहेत, कोणतं पान कोरं आहे हे प्रत्येक जण आपल्या आठवणीवरून ठरवतोय, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! या दुखण्याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. बॅकअप होता म्हणून निभावलं. आदल्या दिवसाच्या नोंदी मात्र कार्यालयातल्या बायकांनी पावत्या घेऊन पुन्हा भरल्या, आणि त्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

यावरचा पहिला उपाय आपल्याला सभेच्या नोटिशीतून ठाऊक आहे: गणपूर्ती. एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं ज्या गटात, त्यानेच निर्णय घ्यायचा. तिघांत दोन, पाचांत तीन. चारांत मात्र तीन लागतात, म्हणजे चौथा होस्ट घेऊनही एकाहून जास्त पडलेले चालत नाहीत. आणि दोघांत? तिथे एकटा पडलेला कधीच बहुमतात नसतो. आमच्या मांडणीत ही अट चक्क सैल करून ठेवली होती. आपल्या सोसायट्यांत गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी गणपूर्तीविना भरते. संगणकांना ही सवलत दिली की काय होतं ते वर सांगितलंच.

दुसरा उपाय फेन्सिंग. ज्याचा भरवसा नाही त्याला आधी नक्की बंद पाडायचं, मगच त्याची मशीन्स उचलायची. लिनक्सवाल्यांनी याला ‘शूट द अदर नोड इन द हेड’ असं नाव दिलंय (नोड म्हणजे क्लस्टरमधला होस्ट), आद्याक्षरं जोडून स्टोनिथ. काही ठिकाणी वीजपुरवठाच दुरून तोडतात. प्रॉक्समॉक्स नावाच्या हायपरव्हायजर प्रणालीत होस्ट स्वतःच स्वतःला आवरतो. त्यात वॉचडॉग नावाचा टायमर असतो, तो सारखा मागे फिरवत राहावा लागतो. बहुमत सुटलं की होस्ट तो फिरवणं सोडतो आणि 60 सेकंदांनी यंत्र आपोआप रीसेट होतं. बाकीचे तेवढा वेळ थांबतात. म्हणून मशीन दुसरीकडे उठायला साधारण दोन मिनिटं जातात. ती दोन मिनिटं खात्री करून घेण्याची असतात, त्यांना आळस म्हणू नये.

जागेचा हिशेबही लागतो. तीन होस्ट प्रत्येकी 60 टक्के भरलेले असतील तर एक गेल्यावर उरलेले दोघे 90 टक्क्यांवर येतात, भागतं. 80 टक्के भरलेले असतील तर काही मशीन्सना घरच उरत नाही.

आम्ही नंतर तिसरं मत म्हणून रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणला. त्याच्यावर एकही व्हर्च्युअल मशीन नाही, तो फक्त मत देतो. वॉचडॉगही चालू केला. मग शनिवारी दुपारी मुद्दाम स्विचचा प्लग उपटला आणि घड्याळ लावून बसलो. मिनिटभराने एका सर्व्हरचे पंखे जोरात घुमले, पाठोपाठ दुसऱ्याचेही. तिसरं मतही त्याच स्विचमधून येत होतं, त्यामुळे दोघेही एकटे पडले आणि रीसेट झाले. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “अरे, हे तर दोन्ही बंद पडले!”

“हो,” म्हटलं, “त्या रात्री हेच व्हायला हवं होतं.”

दुसऱ्या स्विचच्या खरेदीवर त्यांनी सोमवारी सही केली.