पाटीवरची खूण आणि पाटलीवरची खूण

बहिणीच्या लग्नात, २००७ साली, आईनं चार तोळ्यांच्या पाटल्या केल्या. दुकान कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या बाजूचं. दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : येथे हॉलमार्कचे दागिने मिळतील. आईला तेवढं पुरलं. पंधरा वर्षांनी त्या मोडून नव्या करायच्या म्हणून आम्ही गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, दुसऱ्या सराफाकडे गेलो. त्यानं पाटली मशीनखाली ठेवली, आकडा बघितला आणि भिंग डोळ्याला लावून पाटली आतून पूर्ण फिरवली. म्हणाला, "काकू, ह्याच्यावर छाप कुठाय ओ?"

छाप, म्हणजे शुद्धता तपासल्याची हॉलमार्कची खूण, नव्हताच. मशीन त्र्याऐंशी टक्के दाखवत होतं. बावीस कॅरेटला साडेएक्क्याण्णवच्या वर पाहिजे. चाळीस ग्रॅमच्या मागे जवळजवळ साडेतीन ग्रॅम चोख सोनं कमी, आणि हातात कसली पावती, तर साध्या कागदावर लिहिलेली कच्ची चिठ्ठी. पाटी खोटी होती का? नव्हती. त्या दुकानात हॉलमार्कचे दागिने मिळत होते. आईनं घेतलेली पाटली त्यातली नव्हती, इतकंच. पाटीवरची खूण आणि वस्तूवरची खूण यांतलं हे अंतर कायद्यानं कसकसं भरत आणलं, हे समजून घेतलं की आजचे नियम असे का आहेत ते कळतं.

आपल्याकडे शुद्धतेची हमी मुळात माणसाची असायची. घराण्याचा सराफ ठरलेला. आजीचा सराफ तोच आईचा. तो कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायचा, वर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि उरलेल्या रंगावरून सांगायचा. ही विद्या खरी आहे, आजही गुजरीत असे डोळे आहेत. पण तपासणारा आणि विकणारा एकच, ही त्यातली मेख. तपासणाऱ्याला विकणाऱ्यापासून वेगळं करायचं, हीच हॉलमार्कमागची कल्पना. ती लंडनची. तिथं १३०० मध्ये राजा पहिल्या एडवर्डच्या काळात चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारायचा कायदा झाला, आणि १४७८ पासून माल शिक्क्यासाठी सोनारांच्या संघाच्या इमारतीत, म्हणजे 'हॉल'मध्ये, आणावा लागू लागला. हॉलमधला मार्क तो हॉलमार्क. शिक्का दुकानावर नव्हे, वस्तूवर, हे तिथं पहिल्यापासून ठरलेलं होतं.

भारतात मालावरच्या सरकारी खुणेची सुरुवात सोन्यापासून झाली नाही, शेतमालापासून झाली. १९३७ च्या कायद्यानं अ‍ॅगमार्क आला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारपेठेसाठी, त्यामुळे प्रत लावणं, प्रतीवरून भाव ठरणं हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या प्रमाणन कायद्यानंतर कारखानदारांना तपासणी करून परवाने मिळू लागले आणि इस्त्रीवर, पंख्यावर, सिमेंटच्या पोत्यावर आयएसआय दिसू लागलं. सोनं मात्र या सगळ्यातून बाहेर राहिलं.

सोन्याच्या शुद्धतेत सरकारनं पहिल्यांदा हात घातला तो ग्राहकासाठी नव्हेच. १९६२ चं चीन युद्ध झालेलं, परकीय चलन आटलेलं, सोन्याची चोरटी आयात जोरात. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी! ज्या गिऱ्हाइकाला बावीसच्या खालचं सोनं सोनंच वाटत नाही, त्याला चौदाचं मंगळसूत्र घाल म्हणणं. देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं परवाने आणि नोंदवह्या कायम ठेवल्या. तो कायदा १९९० साली रद्द झाला. या सत्तावीस वर्षांनी सराफ बाजाराला एक गोष्ट पक्की शिकवली : सरकारी माणूस दागिन्याकडे बघायला आला की धंद्यावर संकट येतं. पुढे हॉलमार्कला झालेल्या विरोधाची निम्मी मुळं मला या काळात दिसतात. म्हणून तो विरोध केवळ लबाडीचा होता असं मी म्हणणार नाही.

त्याच काळात दुसरीकडून ग्राहक उभा राहत होता, आणि यात महाराष्ट्र पुढे होता याचा मला अभिमान आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मंच उभे राहिले. मान्यता नसताना मान्यता आहे असं भासवणं ही अनुचित व्यापारी प्रथा, हे त्या कायद्यानं स्पष्ट लिहिलं. १ एप्रिल १९८७ पासून जुन्या मानक संस्थेच्या जागी भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे बीआयएस, आलं.

एप्रिल २००० मध्ये बीआयएसनं सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना सुरू केली. सराफानं परवाना घ्यायचा, दागिने मान्यताप्राप्त तपासणी केंद्राकडे पाठवायचे, केंद्रानं ते तपासून छाप मारायचा. छापात पाच गोष्टी : बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, ९१६ सारखा शुद्धतेचा आकडा, केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं अक्षर. योजना चांगली होती. पण ती ऐच्छिक होती. परवाना घेतलेल्या सराफावरही सगळा माल हॉलमार्कचाच विकायची सक्ती नव्हती. एकाच काउंटरवर, एकाच मखमली ट्रेमध्ये, छापाचा आणि बिनछापाचा दागिना शेजारी शेजारी. बाहेरच्या पाटीनं दोघांनाही सारखीच प्रतिष्ठा दिली. माझ्या आईसारखी किती माणसं त्या पाटीखालून आत गेली असतील! हे एकवीस वर्षं चाललं.

बीआयएसचा नवा कायदा २०१६ मध्ये झाला आणि १२ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. मौल्यवान धातूंच्या वस्तूंना हॉलमार्क सक्तीचा करण्याचा अधिकार त्यानं सरकारला दिला. सोन्यासाठी सक्तीची अधिसूचना १५ जानेवारी २०२० ची, अंमल एक वर्षानं. मग कोविड आला, तारखा पुढे सरकल्या आणि शेवटी १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्ती झाली. जिथं निदान एक तपासणी केंद्र आहे असे हे जिल्हे, आणि त्यात कोल्हापूर पहिल्याच यादीत होतं. लगेच १ जुलैपासून छाप बदलला. आता तीनच गोष्टी राहिल्या : त्रिकोणी चिन्ह, '२२के९१६' अशी कॅरेटसह शुद्धता, आणि एचयूआयडी नावाचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, जो प्रत्येक नगाला वेगळा असतो. या क्रमांकाच्या विरोधात २३ ऑगस्ट २०२१ रोजी देशभरच्या सराफांनी दुकानं बंद ठेवली. केंद्रावर माल अडकतो, घडवलेला दागिना जरा दुरुस्त केला तरी पुन्हा फेरी, लहान कारागिराला हे कागद झेपत नाहीत, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. त्यातली काही रास्त होती. तरीही १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला दागिना विकायला मनाई झाली, फक्त आधी जाहीर केलेल्या जुन्या साठ्याला ३० जूनपर्यंत सवलत मिळाली.

माझ्या मते खरा बदल सक्तीचा नव्हे, या क्रमांकाचा आहे. पूर्वीच्या छापावरून दुकान कळायचं. आताच्या क्रमांकावरून ती एक पाटली कळते. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की सराफाची नोंदणी, केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि छापाची तारीख समोर येते. क्रमांक पाटलीचा आणि अ‍ॅपवर 'अंगठी' दिसली, तर तिथंच थांबायचं.

दुकानासाठीचे आजचे नियम या इतिहासातूनच आले आहेत. नोंदणी त्या जागेची असते. मुख्य पेढीची नोंदणी आहे म्हणून दुसऱ्या पेठेतल्या शाखेला ती चालत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावं लागतं, छाप कसा दिसतो याचा तक्ता लावावा लागतो, आणि निदान दहापट मोठं दाखवणारं भिंग गिऱ्हाइकाला द्यावं लागतं. ते मागायला संकोच करू नका, सराफ उपकार करत नसतो. बिलावर प्रत्येक नगाचं धातूचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहिलेला पाहिजे. पक्कं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा ठरली आहे. बीआयएसच्या चिन्हाचा गैरवापर केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाखांचा दंड. आणि छाप असूनही सोनं कमी निघालं, तर कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळतो. ही भरपाई छापाला बांधलेली आहे. आईच्या पाटल्यांवर छाप नव्हता, म्हणून हा नियम आमच्या कामाचा नव्हता. ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांची मुदत, आणि हातात बिल नाही.

काही दागिने सक्तीच्या बाहेर आहेत : दोन ग्रॅमपेक्षा हलके, कुंदन-पोलकी-जडावाचे, शिवाय वर्षाला चाळीस लाखांखाली उलाढाल असलेल्या सराफाकडचे. कोल्हापुरी साज घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते. हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, लाखेचं वजन सांगत नाही. ते बिलावरच्या निव्वळ वजनाच्या रकान्यात शोधायचं.

चांदीचं काय, हा चांदीकामाच्या हुपरी गावाशेजारी राहणाऱ्यांचा हक्काचा प्रश्न. चांदीला हॉलमार्क २००५ पासून आहे, पण ऐच्छिक. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या छापातही एचयूआयडी आला, तोही ऐच्छिकच. हुपरीची पैंजणं घरोघरी बसून जोडली जातात, टंच, म्हणजे चांदीचा कस, तोंडी सांगितला जातो, आणि नाजूक कडीवर छाप मारायला जागा कुठं, असं कारागीर विचारतात. सोन्याची एकवीस वर्षं बघितल्यावर मला वाटतं, चांदीचा ऐच्छिक काळ लांबू नये. पण कारागिराला जवळ केंद्र आणि परवडणारा दर आधी मिळाला पाहिजे.

तुमच्याकडे बिनछापाचं जुनं सोनं असेल तर ते ठेवणं किंवा मोडणं बेकायदा नाही. सराफ ते घेऊ शकतो. शंका असेल तर स्वतः केंद्रात जाऊन तपासून घेता येतं, चार नगांपर्यंत दोनशे रुपये आणि वर कर.

नव्या पाटल्या घ्यायला गेलो तेव्हा आईनं आधी भिंग मागितलं. पाटलीच्या आतल्या बाजूला लेसरची अगदी बारीक अक्षरं होती. ती एकेक करून मोठ्यानं वाचत होती, मी मोबाइलवर टाकत होतो. अ‍ॅपवर 'बांगडी' आलं, २२ कॅरेट आलं, केंद्राचं नाव आलं. सराफ म्हणाला, "झालं की काकू." आईनं भिंग परत केलं नाही. दुसरी पाटली पुढे करायला सांगितली.