लिहून देणे आणि शिफारस करणे : अमेरिकेतील राज्यांच्या गांजाविषयक कायद्यांची पार्श्वभूमी

५ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्याच दिवशी कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या शेजारच्या दोन राज्यांत गांजाच्या औषधी वापराला मुभा देणारे प्रस्तावही मतदानाला आले आणि दोन्ही मंजूर झाले. कॅलिफोर्नियात सुमारे ५६ टक्के मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, तर ॲरिझोनात त्याहून बरीच जास्त, म्हणजे जवळपास ६५ टक्के. तरीही गांजाच्या औषधी वापराला कायद्याने वाट करून देणारे पहिले राज्य म्हणून नाव झाले ते कॅलिफोर्नियाचे, आणि याला एक क्रियापद कारणीभूत ठरले. ॲरिझोनाच्या मसुद्यात डॉक्टरांनी गांजा ‘लिहून देण्याची’ तरतूद होती; परंतु केंद्रीय कायद्यानुसार गांजा हे कोणत्याही डॉक्टरला लिहून देता न येणारे द्रव्य असल्यामुळे ती तरतूद जन्मतःच निरुपयोगी ठरली. कॅलिफोर्नियाच्या ‘प्रस्ताव २१५’ने मात्र डॉक्टरांची केवळ ‘शिफारस’ मागितली होती, आणि तीही लेखी किंवा तोंडी, कशीही चालणार होती.

पुढील सर्व राज्यांच्या कायद्यांचे मर्म या फरकात सापडते. राज्यांनी गांजा कायदेशीर केला असे आपण सैलपणे म्हणतो. वास्तविक केंद्राने गुन्हा ठरवलेली गोष्ट कायदेशीर करण्याचा अधिकार अमेरिकेतील कोणत्याही राज्याला नाही. राज्याला फक्त स्वतःच्या कायद्यातील शिक्षा मागे घेता येते, आणि स्वतःच्या पोलिसांना केंद्राच्या दिमतीला न देण्याचा निर्णय घेता येतो. एवढ्या तुटपुंज्या अधिकारावर पुढे संपूर्ण व्यापार उभा राहिला.

शब्दांविषयी येथेच एक खुलासा करायला हवा. आपण पानांना भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा आणि राळेला चरस म्हणतो, आणि भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही हा भेद मानून नुसत्या पानांना गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. अमेरिकी कायद्याला हा भेद ठाऊक नाही; तेथे पाने, फुलोरा आणि राळ हे सारे ‘मॅरिह्वाना’ या एकाच शब्दाखाली येते. या लेखात त्या शब्दासाठी ‘गांजा’ वापरला आहे, तो सोयीपुरता.

गांजावरील बंदीची सुरुवात केंद्राने नव्हे, तर राज्यांनीच केली होती, ही गोष्ट आज सहसा विसरली जाते. एकोणिसाव्या शतकात हे द्रव्य अमेरिकेत प्रतिष्ठित औषध होते. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत असलेल्या विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या गुणधर्मांवर निबंध वाचला, त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकात ‘इंडियन हेम्प’चे अर्क रूढ झाले, आणि १८५० पासून अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातही त्याची नोंद होती. ती नोंद वगळली गेली १९४२ मध्ये. दरम्यान मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीविना त्याच्या विक्रीला मनाई केली आणि १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या विषविषयक कायद्यात ते समाविष्ट केले. कॅलिफोर्नियाच्या औषध मंडळाचे सदस्य हेन्री फिंगर यांनी १९११ मध्ये लिहिलेल्या पत्रात सॅन फ्रान्सिस्कोत येणाऱ्या ‘हिंदूं’ची मोठी आवक झाल्याची आणि ते हे व्यसन गोऱ्यांमध्ये पसरवतील अशी तक्रार आहे. हे ‘हिंदू’ म्हणजे बहुतांशी पंजाबातून आलेले शीख शेतमजूर होते, आणि त्यांचा गांजाशी कितपत संबंध होता हा वेगळाच प्रश्न आहे. नैऋत्येकडील राज्यांत हाच रोख मेक्सिकन मजुरांवर होता, आणि ‘मॅरिह्वाना’ हा परका वाटणारा शब्दही तेथूनच कायद्यात शिरला.

केंद्राने १९३७ मध्ये पाऊल उचलले, तेही कराच्या आडून. केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी ॲन्सलिंगर यांच्या आग्रहाने मंजूर झालेल्या या कायद्याने नोंदणीकृत व्यक्तीला हस्तांतरणावर औंसामागे १ डॉलर, तर नोंदणी नसलेल्याला १०० डॉलर कर लावला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीने डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे या कायद्याला विरोध केला होता, परंतु त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. हा कायदा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केला, कारण कर भरायला जाणे म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणे ठरत होते. त्याची जागा १९७० च्या नियंत्रित द्रव्य कायद्याने घेतली. या कायद्यात द्रव्यांच्या पाच अनुसूची आहेत आणि पहिल्या अनुसूचीत गैरवापराचा मोठा धोका असलेली व मान्य औषधी उपयोग नसलेली द्रव्ये येतात. गांजा तेथे ठेवला गेला तो तात्पुरता, एका आयोगाचा अहवाल येईपर्यंत. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रेमंड शेफर यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाने मार्च १९७२ मध्ये अहवाल दिला आणि वैयक्तिक वापरासाठी गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये अशी शिफारस केली. अध्यक्ष निक्सन यांनी ती धुडकावली, आणि तात्पुरती म्हणून केलेली नोंद पुढे अर्धशतक टिकली. गांजाच्या राज्यवार कायद्यांचा सगळा गुंता या एका नोंदीतून निर्माण झाला आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

केंद्राने नाकारलेला सल्ला काही राज्यांनी ऐकला. ऑरेगनने १९७३ मध्ये एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, गांजा जवळ बाळगण्याबद्दल तुरुंगवासाऐवजी जास्तीत जास्त १०० डॉलर दंड ठेवला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अकरा राज्यांनी कमी-अधिक फरकाने तोच मार्ग धरला. त्यांत मिसिसिपी आणि नेब्रास्कासारखी परंपरानिष्ठ राज्येही होती. अलास्कात हा निर्णय न्यायालयातून आला. तेथील राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क स्पष्टपणे लिहिलेला असल्यामुळे, प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या घरात थोडा गांजा वापरला तर राज्याने त्यात पडू नये, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवले. न्यू मेक्सिकोने १९७८ मध्ये संशोधनाच्या नावाखाली रुग्णांना गांजा देण्याचा कायदा केला. त्याच सुमारास खुद्द केंद्र सरकारही काचबिंदूच्या एका रुग्णाने न्यायालयात झगडून मिळवलेल्या हक्कापोटी मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतात पिकवलेल्या गांजाच्या सिगारेटी मोजक्या रुग्णांना डब्यातून पाठवत होते. मान्य औषधी उपयोग नाही असे ज्याविषयी कायदा सांगतो, तेच द्रव्य सरकार औषध म्हणून टपालाने धाडत होते. ऐंशीच्या दशकातील अमली पदार्थविरोधी ‘युद्धा’त हे सारे थंडावले, आणि एड्सच्या रुग्णांचे अर्ज वाढू लागल्यावर १९९२ मध्ये ही योजना नव्या रुग्णांसाठी बंद झाली.

एड्सनेच हा विषय पुन्हा पेटवला. सॅन फ्रान्सिस्कोत भूक मेलेल्या, औषधांनी मळमळणाऱ्या तरुण रुग्णांना गांजाने अन्न जाते, हा अनुभव घराघरांत होता. डेनिस पेरॉन या कार्यकर्त्याने शहरापुरता प्रस्ताव १९९१ मध्ये मोठ्या बहुमताने मंजूर करवून घेतला आणि पुढे रुग्णांसाठी उघडपणे गांजा मिळण्याचे केंद्र चालवले. राज्याच्या विधिमंडळाने १९९४ आणि १९९५ मध्ये औषधी वापराची विधेयके मंजूर केली होती, पण गव्हर्नर पीट विल्सन यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. मतदारांच्या सह्या गोळा करून थेट लोकांकडे जाण्याचा जो मार्ग पश्चिमेकडील अनेक राज्यघटनांत आहे, तो अवलंबण्याची पाळी त्यामुळे आली. हा मार्ग ज्या राज्यांत होता तेथे गांजाचे कायदे लवकर झाले आणि जेथे नव्हता तेथे बहुतेक ठिकाणी बरेच उशिरा. नकाशावरील रंगांचे स्पष्टीकरण लोकमताइतकेच या तरतुदीतही आहे.

प्रस्ताव २१५ मंजूर होताच वर्ष संपण्याच्या आत केंद्र सरकारने इशारा दिला की गांजाची शिफारस करणाऱ्या डॉक्टरची नियंत्रित औषधांसाठीची नोंदणी काढून घेतली जाईल. डॉक्टर न्यायालयात गेले, आणि २००२ मध्ये पश्चिमेकडील राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने (नववे परिमंडळ) निर्णय दिला की रुग्णाला प्रामाणिक सल्ला देणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते आणि त्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. ‘शिफारस’ हा शब्द किती दूरदृष्टीने निवडला गेला होता, हे तेव्हा कळले. डॉक्टर सुरक्षित झाले, तरी रुग्ण सुरक्षित झाले नव्हते. ऑगस्ट २००२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील एका रुग्णाच्या घरी स्थानिक पोलीस आणि केंद्रीय अधिकारी एकत्र गेले. झाडे राज्याच्या कायद्यात बसतात असे स्थानिक पोलिसांचे म्हणणे पडले, तरी तीन तासांच्या वादानंतर केंद्रीय अधिकाऱ्यांनी सहाही झाडे उपटून नष्ट केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘गोंझालेस विरुद्ध रेच’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी केंद्राची बाजू उचलून धरली. घरच्यापुरते लावलेले झाडसुद्धा एकूण बाजारावर परिणाम करते आणि आंतरराज्य व्यापाराचे नियमन केंद्राकडे आहे, हा तर्क त्यामागे होता, आणि त्याला आधार १९४२ च्या, घरच्या गव्हासंबंधीच्या एका निकालाचा होता. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांचे विरोधी मत आजही वाचण्याजोगे आहे: आपण कॅलिफोर्नियाच्या नागरिक असतो तर या प्रस्तावाला मत दिले नसते, असे सांगूनही त्यांनी राज्याचा प्रयोग करण्याचा हक्क उचलून धरला.

हा निकाल राज्यांच्या विरोधात गेला, मग कायदे टिकले कसे? केंद्र स्वतःचा कायदा स्वतः राबवू शकते, परंतु राज्याच्या पोलिसांना तो राबवायला भाग पाडू शकत नाही. बंदूक खरेदीदारांच्या पूर्वतपासणीसंबंधीच्या १९९७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच हे तत्त्व अधोरेखित केले होते. अमेरिकेत गांजाच्या बहुसंख्य अटका राज्यांचे आणि शहरांचे पोलीस करत आले आहेत. ते बाजूला झाले की केंद्रीय बंदी कागदावर पूर्ण राहते आणि रस्त्यावर विरळ होते.

तोवर ऑरेगन, वॉशिंग्टन, अलास्का, मेन, नेवाडा आणि कोलोरॅडो या राज्यांनी मतदानातून औषधी वापराचे कायदे केले होते, आणि हवाईने २००० मध्ये विधिमंडळातून असा कायदा करणारे पहिले राज्य होण्याचा मान मिळवला होता. राजधानी वॉशिंग्टन शहरातील १९९८ च्या मतदानाची मोजणी मात्र काँग्रेसने जवळपास वर्षभर रोखून धरली. मोजल्यावर ६९ टक्के मते बाजूने निघाली आणि तरीही अंमलबजावणीला आणखी दहा वर्षे बंदी राहिली.

निव्वळ मौजेसाठी वापराची पायरी नोव्हेंबर २०१२ मध्ये ओलांडली गेली, आणि तीही कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांत एकाच दिवशी. कोलोरॅडोने २१ वर्षांवरील प्रत्येकाला एक औंस बाळगण्याची आणि सहा झाडे लावण्याची मुभा दिली; वॉशिंग्टनने दुकाने उघडली, पण मौजेसाठी घरी झाड लावायला परवानगी दिली नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ रोजी पहिली अधिकृत विक्री झाली. मधल्या काळात, ऑगस्ट २०१३ मध्ये, न्याय खात्याचे उपप्रमुख जेम्स कोल यांनी एक परिपत्रक काढून सांगितले होते की मुलांपर्यंत माल पोचणे, टोळ्यांकडे पैसा जाणे, शेजारच्या राज्यांत गळती होणे अशा गोष्टी राज्याने रोखल्या तर केंद्र आपली शक्ती तेथे खर्च करणार नाही. हे परिपत्रक जानेवारी २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी रद्द केले, परंतु तोवर दुकाने, कर आणि नोकऱ्या इतक्या रुजल्या होत्या की प्रत्यक्षात फारसे काही बदलले नाही. औषधी वापराला याहून भक्कम आधार २०१४ च्या अखेरीस मिळाला. राज्यांच्या औषधी गांजाच्या कायद्यांत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करू नये, अशी अट काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात घातली, आणि ती त्यानंतर वारंवार नूतनीकृत होत राहिली.

विधिमंडळांनी धीर केला तो यानंतर. व्हरमाँटने जानेवारी २०१८ मध्ये विक्रीविना वैयक्तिक वापर मान्य केला, इलिनॉयने २०१९ मध्ये विक्रीसह, आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कने. मतदारांचा कौल मिळूनही कायदे कोसळल्याची उदाहरणेही आहेत. मिसिसिपीतील मतदारांनी २०२० मध्ये औषधी वापर मंजूर केला. पण तेथील राज्यघटनेनुसार सह्या काँग्रेसच्या पाच मतदारसंघांतून समप्रमाणात हव्या होत्या आणि २००० च्या जनगणनेनंतर राज्यात मतदारसंघ उरले होते चारच. राज्याच्या न्यायालयाने त्या आधारावर २०२१ मध्ये निकाल रद्द केला, आणि विधिमंडळाला २०२२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५६ टक्के मते पडूनही मौजेच्या वापराचा प्रस्ताव पडला, कारण तेथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. कॅलिफोर्निया १९९६ मध्ये जवळपास तेवढ्याच मतांवर जिंकली होती. तोपर्यंत २४ राज्यांनी मौजेचा वापर मान्य केला होता.

शिक्षा मागे घेणे आणि कायदेशीर करणे यांतील अंतर व्यापाऱ्यांना दररोज जाणवते. गांजा राज्याची सीमा ओलांडू शकत नाही, म्हणून प्रत्येक राज्याला आपला माल आपल्याच हद्दीत पिकवावा लागतो. बहुतेक मोठ्या बँका दूर राहतात. करकायद्यात १९८२ मध्ये घातलेले एक कलम या दुकानांना भाडे आणि पगार हे खर्च वजा करू देत नाही. मिनियापोलिसमधील एका विक्रेत्याने अमली पदार्थांच्या धंद्यातील तराजूचा आणि प्रवासाचा खर्च वजा करून घेतल्यावर चिडलेल्या काँग्रेसने ते केले होते.

अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे अंतर आणखी महागात पडू शकते. न्यू जर्सीत फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २०२२ पासून दुकाने उघडली, परंतु नागरिकत्वाच्या अर्जावर विचार करणाऱ्या केंद्रीय खात्याने एप्रिल २०१९ मध्येच स्पष्ट केले होते की राज्याच्या कायद्यात बसणारा वापर, किंवा परवानाधारक गांजा कंपनीतील नोकरीसुद्धा, अर्जदाराच्या ‘सच्चारित्र्या’च्या आड येऊ शकते. शेजारच्या नागरिकाला जे मोकळे, तेच त्या रस्त्यावरील बिगरनागरिकाला नाही.

गांजाला तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव न्याय खात्याने मे २०२४ मध्ये मांडला. पहिल्या दोन अनुसूचींपुरते असलेले करकायद्याचे ते कलम अशा बदलाने दुकानांना लागू राहणार नाही. पण तिसऱ्या अनुसूचीतील द्रव्यसुद्धा, अन्न व औषध प्रशासनाने औषध म्हणून मान्य केल्याशिवाय डॉक्टरला लिहून देता येत नाही, आणि दुकानातील फुलोऱ्याला ती मान्यता नाही. ॲरिझोनाने १९९६ मध्ये लिहिलेले क्रियापद त्याही प्रस्तावाने चालू झाले नसते.