कोअर वाढवले की डेटाबेस पळतो? नाही हो

साइट स्लो झाली की पहिला सल्ला ठरलेला, जास्त कोअरवाला (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) सर्व्हर घ्या. हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि अर्धवट खरं आहे म्हणूनच मरत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) साधारणपणे एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोअरवर) चालते, म्हणजे ती ४ सेकंद खात असेल तर ६४ कोअर लावा, ४ सेकंदच खाणार, बाकीचे ६३ बघत बसणार. (पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ९.६ आवृत्तीपासून मोठी क्वेरी अनेक कोअरमध्ये वाटून घेता येते, पण वेबच्या छोट्या छोट्या क्वेरींना त्याचा फारसा उपयोग नाही.) कोअर कामाला येतात ते एकाच वेळी भरपूर लोक आले की, तेही सीपीयू खरंच भरलेला असेल तर.

बहुतेकदा घोडं अडतं डिस्कवर. ७२०० आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, त्यामुळे विखुरलेला डेटा वाचायचा म्हटलं की सेकंदाला शंभरेक रीड, संपलं. म्हणून आधी रॅम, इतकी की रोज लागणारा डेटा आणि इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) त्यात मावेल, मग एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), तीही पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली (वीज गेली तरी हातातला डेटा वाचवणारी, म्हणून लगेच ‘लिहिलं’ म्हणू शकणारी), कारण कमिट करताना (बदल पक्का करताना) लॉग, म्हणजे त्या बदलाची नोंद, खरंच डिस्कवर उतरावा लागतो आणि घरगुती एसएसडी नेमकी तिथेच धापा टाकते. आणि हो, भरमसाट रॅम घेऊन इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) डिफॉल्ट १२८ एमबीवरच ठेवणारे महाभाग पाहिलेत मी!

खरेदीआधी लिनक्सवर टॉप (top) कमांड चालवून बघा, त्यात आयओ वेटचा (wa) आकडा चढलेला असेल तर सीपीयू डिस्कची वाट बघत रिकामा बसलाय, अजून कोअर आणले तर तेही त्याच्याच शेजारी येऊन बसतील.