ब्रुगेलच्या चित्रातला बर्फ किती खरा?

चित्रकार पीटर ब्रुगेलचं 'हंटर्स इन द स्नो' (बर्फातले शिकारी) तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल, क्लायमेटवरच्या निम्म्या लेखांत तेच चिकटवलेलं असतं. १५६५ सालचं चित्र, सध्या व्हिएन्नात आहे. १५६४-६५ चा हिवाळा युरोपात भयंकर कडक होता आणि तो काळ 'लिटल आइस एज'चा, म्हणजे काही शतकं चाललेल्या थंड काळाचा, म्हणून लोक सरळ म्हणतात की बघा, हा घ्या थंडीचा पुरावा.

पण जरा थांबा, मागे ते टोकदार डोंगर दिसतायत ना? ब्रुगेल राहायचा तो भाग, म्हणजे आजचं बेल्जियम, तिथे जवळपास सपाट आहे, तिथे असले डोंगर कुठून येणार! हे चित्र काढण्याच्या दहा-बारा वर्षं आधी तो इटलीला जाऊन आला होता, वाटेत आल्प्स लागले, ते त्याने उचलून इथे ठेवले. म्हणजे हा फोटो नाही, जुळवलेलं दृश्य आहे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी तरी उजव्या कोपऱ्यातली पाणचक्की बघेन. तिचं चाक गोठलंय. तळ्याचं पाणी शांत असतं, त्यावर बर्फ लवकर धरतो, पण वाहतं पाणी सतत ढवळलं जातं, त्यामुळे ते सगळंच्या सगळं शून्याजवळ आल्याशिवाय बर्फ धरत नाही, म्हणजे एका रात्रीचं हे काम नाही, कडाक्याची थंडी बरेच दिवस टिकायला हवी. शिवाय चक्की बंद म्हणजे दळण बंद. आणि एवढे शिकारी, एवढी कुत्री, पण काठीला लटकलाय एकच कोल्हा :)

प्रकाशही बघण्यासारखा आहे, कुठेच ठळक सावली नाही, म्हणजे आभाळ भरलेलं. तळ्यांचा रंग आभाळासारखाच हिरवट-राखाडी, कारण गुळगुळीत बर्फ आरशासारखं आभाळ दाखवतो, तर जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ सगळ्या बाजूंनी प्रकाश उधळतो म्हणून पांढरा दिसतो. हे त्याने नीट बघूनच रंगवलंय.

तरी तापमान मोजायला चित्र नको, त्यासाठी झाडांची वलयं आहेत, द्राक्षं कधी तोडली त्याच्या जुन्या नोंदी आहेत. शिवाय हे चित्र वर्षातल्या ऋतूंच्या मालिकेतलं आहे, आज पाच उरलीत, त्यामुळे हिवाळ्याचं एक चित्र असणारच होतं, थंडी कमी असती तरी. आणि १५६६ मध्ये याच माणसाने बायबलमधलं बेथलेहेम रंगवलं, तेही बर्फाने झाकलेलं फ्लेमिश, म्हणजे त्याच्याच भागातलं, खेडं करून!